नोटिशीनंतरचे तीस दिवस

कोडोली हे पन्हाळा तालुक्यातलं, वारणानगरला लागून असलेलं मोठं गाव. इथे कमाईच्या दोन तऱ्हा शेजारी शेजारी नांदतात. एका घरात साखर कारखान्याचा, दूध संघाचा नाहीतर शाळेचा पगार येतो. पलीकडच्या घरात टेम्पो असतो, किराणा दुकान असतं, फॅब्रिकेशनचं शेड असतं, किंवा पुण्या-मुंबईच्या कंपनीचं काम घरी बसून करणारा संगणक अभियंता असतो. दोघांची वर्षाची कमाई सारखी असू शकते, पण आयकराची थकबाकी वसूल व्हायची वेळ आली की कायदा दोघांकडे वेगवेगळ्या नजरेने पाहतो. पगारदाराच्या पगारातून थकलेला कर कापून घ्यायला आयकर अधिकारी त्याच्या मालकाला सांगू शकतो, पण त्यालाही मर्यादा आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 नुसार पगारातले पहिले 1,000 रुपये आणि उरलेल्या रकमेचे दोन तृतीयांश जप्तीपासून सुरक्षित असतात आणि आयकराच्या वसुलीतही ते संरक्षण मानावं लागतं. म्हणजे 31,000 रुपये पगार असेल तर जास्तीत जास्त 10,000 रुपये कापले जातील. बाकी पैशांत घर चालतं.

टेम्पोवाल्याला किंवा दुकानदाराला ही सोय नाही. त्याला पगार देणारा कुणी नसल्याने अधिकारी त्याला येणे असलेल्या पैशांकडे वळतो. 1961 च्या आयकर कायद्याच्या कलम 226(3) खाली थकबाकीदाराला पैसे देणं लागणाऱ्या कुणालाही थेट नोटीस काढता येते. बँकेला काढली की खातं गोठतं. ज्याचं वाहतुकीचं बिल निघायचं आहे त्या संस्थेला काढली की बिल परस्पर सरकारजमा होतं. संयुक्त खातंही यातून सुटत नाही, कारण उलट सिद्ध होईपर्यंत दोघांचा वाटा समान धरला जातो. नोटीस मिळालेल्या व्यापाऱ्याने किंवा संस्थेने ओळखीखातर तिकडे दुर्लक्ष केलं तर तेच थकबाकीदार ठरतात, त्यामुळे अशा वेळी कुणी पाठीशी उभं राहील अशी आशा धरण्यात अर्थ नाही. तेवढ्याने भागलं नाही तर प्रकरण कर वसुली अधिकाऱ्याकडे जातं आणि त्याच्या हाती जंगम-स्थावर मालमत्तेची जप्ती आणि विक्री असते. कलम 60 इथे थोडं आड येतं. कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं, जनावरं आणि बियाणं, मजुराची मजुरी यांना हात लावता येत नाही. लोहाराचा भाता आणि चांभाराची रापी वाचते. त्यांनी केलेल्या मालाचं बिल मात्र वाचत नाही.

या फरकातून एक गोष्ट निघते आणि ती स्वयंरोजगार करणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात घ्यावी असं मला वाटतं. पगारदाराला कायदा वसुलीच्या टप्प्यावर सांभाळतो, तर स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्याला त्याच्या कितीतरी आधीच्या टप्प्यांवर, हिशेब सांगताना आणि नोटिशीला उत्तर देताना. ते टप्पे गप्प राहून घालवले की पुढे हातात फारसं काही उरत नाही. आणि त्या आधीच्या टप्प्यांवर मिळणाऱ्या सवलती गावातल्या बहुतेकांना वाटतात त्यापेक्षा खूप मोठ्या आहेत.

कोडोलीतलं एखादं बऱ्यापैकी चालणारं किराणा दुकान घेऊ. वर्षाची विक्री 90 लाख, त्यातले 60 लाख यूपीआयने आणि बँकेतून, 30 लाख रोख. कलम 44एडी म्हणतं की उलाढाल 2 कोटींपर्यंत असेल (रोख जमा पाच टक्क्यांच्या आत असेल तर 3 कोटींपर्यंत) तर तपशीलवार हिशेबवह्या आणि ऑडिट यांच्या भानगडीत न पडता ठरावीक टक्के नफा दाखवा. रोख विक्रीवर 8 टक्के, बँकेतून आलेल्या रकमेवर 6 टक्के. म्हणजे या दुकानाचा नफा 60 लाखांवर 3 लाख 60 हजार आणि 30 लाखांवर 2 लाख 40 हजार, एकूण 6 लाख. 2025-26 या आर्थिक वर्षासाठी नव्या करपद्धतीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सूट धरता कर शून्य. 90 लाखांच्या उलाढालीवर शून्य आयकर, फक्त नफा मुदतीत सांगायचा. मालवाहतुकीला कलम 44एई आहे. दहापर्यंत गाड्यांच्या मालकाला 12 टनांपर्यंतच्या गाडीमागे महिना 7,500 रुपये उत्पन्न धरलं जातं आणि त्यापेक्षा जड गाडीला टनामागे महिना 1,000 रुपये. एक टेम्पो म्हणजे वर्षाचे 90,000, सोळा टनी ट्रक म्हणजे 1 लाख 92 हजार. यात गाडी किती महिने पळाली हे विचारात येत नाही, किती महिने मालकीची होती ते येतं. ऊस हंगामापुरती चालणारी गाडी बाकीचे महिने दारात उभी असली तरी बारा महिने मोजले जातात, हे गाडीमालकाने आधीच धरून चालावं. डॉक्टर, वकील, अभियंता, माहिती तंत्रज्ञानातला सल्लागार यांच्यासाठी 44एडीए आहे. 50 लाखांपर्यंतच्या जमेवर (रोख अगदी थोडी असेल तर 75 लाखांपर्यंत) निम्मी रक्कम उत्पन्न धरायची. पुण्याच्या कंपनीकडून वर्षाला 18 लाख मिळवणाऱ्याचं करपात्र उत्पन्न 9 लाख, म्हणजे कर शून्य, आणि कंपनीने 10 टक्क्यांनी कापलेला 1 लाख 80 हजारांचा टीडीएस परत. जो रिटर्न भरत नाही, तो हे पैसे सरकारकडे सोडून देतो. एक अपवाद मात्र सांगायला हवा. विमा एजंट आणि कमिशनवर काम करणारे 44एडी खाली येत नाहीत, त्यांना खर्चाचा खरा हिशेब ठेवावाच लागतो.

यावर पहिला आक्षेप लगेच येतो. कर लागतच नसेल तर रिटर्न कशाला भरायचं? आक्षेप स्वाभाविक आहे, पण त्यात दोन आकड्यांची गल्लत होते. 12 लाख ही सुटीची मर्यादा आहे. रिटर्न भरण्याचं बंधन त्याच्या खूप आधी, 4 लाखांवर सुरू होतं. सूट मिळवायची तर उत्पन्न आधी जाहीर करावं लागतं. शिवाय धंद्याची उलाढाल 60 लाखांच्या पुढे असेल, व्यवसायाची जमा 10 लाखांच्या पुढे असेल किंवा वर्षात 25,000 रुपयांहून अधिक टीडीएस कापला गेला असेल, तर नफा कितीही कमी असो, रिटर्न बंधनकारक होतं. वरचा दुकानदार गप्प राहिला तर काय होतं? वर्षात बचत खात्यात 10 लाखांहून अधिक किंवा चालू खात्यात 50 लाखांहून अधिक रोकड भरली की बँक ते आयकर खात्याला कळवते. अधिकाऱ्यासमोर मग दुकान नसतं, फक्त खात्यातली रक्कम असते. तिचा उगम पटवून देता आला नाही तर ती अस्पष्टीकृत ठरते आणि नोटाबंदीनंतर डिसेंबर 2016 मध्ये 1961 च्या कायद्यात झालेल्या बदलाने अशा रकमेवर 60 टक्के कर ठेवला आणि त्यावर अधिभार आणि उपकर धरून हा बोजा पुढे एकूण 78 टक्क्यांचा झाला. तिथे 12 लाखांची सूटही चालत नाही. त्याच दुकानाच्या त्याच पैशाला एकीकडे शून्य आणि दुसरीकडे 78 टक्के. मधलं अंतर फक्त सांगण्या-न सांगण्याचं आहे.

दुसरी समजूत अलीकडची. स्कॅनर ठेवला की सरकारला सगळं दिसतं, म्हणून रोखच बरी. जुलै 2025 मध्ये कर्नाटकात हेच झालं. तिथल्या वाणिज्य कर विभागाने यूपीआयच्या आकड्यांवरून छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा काढल्या आणि बेंगळुरूत अनेकांनी क्यूआर कोड काढून रोखीचा आग्रह धरला. सीमेपलीकडची ही बातमी कोल्हापूर जिल्ह्यातही चर्चेत आली. त्या नोटिसा ज्या घाईने गेल्या त्यावर टीका व्हायलाच हवी होती, कारण त्यात दूध आणि भाजी विकणारेही सापडले आणि त्या मालावर जीएसटीच नाही. पण क्यूआर कोड काढून त्यांचा प्रश्न सुटत नव्हता. खरेदीची बिलं दाखवून माल करमुक्त आहे हे ज्याला सांगता येत होतं, त्याच्याकडे उत्तर होतं. आयकरात तर बँकेतून आलेल्या पैशावर 8 ऐवजी 6 टक्केच नफा धरला जातो, म्हणजे स्कॅनर लावणाऱ्याला कायदा सरळ सवलत देतो. जीएसटीची मर्यादा वेगळी, ती मात्र विसरू नये. महाराष्ट्रात माल विकणाऱ्याला 40 लाखांच्या आणि सेवा देणाऱ्याला 20 लाखांच्या उलाढालीपुढे नोंदणी लागते. लहान व्यापाऱ्याला दीड कोटीपर्यंत एक टक्क्याची कंपोझिशन योजना घेता येते. याही कायद्यात, कलम 79 खाली, खातं गोठवण्याचा अधिकार आहेच.

शेतीचा मुद्दा वारणा खोऱ्यात टाळता येत नाही. उसाचं बिल शेतीचं उत्पन्न, त्यावर आयकर नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यावरून दुकानाचा पैसाही शेतीत दाखवावा असा सल्ला सर्रास दिला जातो. हा सल्ला देणारा विसरतो की ऊसबिल कारखान्याकडून बँकेत येतं, किती टन ऊस कुठल्या गटातून गेला याची नोंद कारखान्यात असते आणि सातबाऱ्यावर क्षेत्र लिहिलेलं असतं. वाढवून दाखवलेली शेती या तीन कागदांपुढे टिकत नाही. शिवाय इतर उत्पन्न मूळ मर्यादेच्या पुढे गेलं की कराचा दर ठरवताना शेतीचं उत्पन्नही मोजलं जातं. दुधाबद्दल तर मोठाच गैरसमज आहे. गोठ्याचं उत्पन्न शेतीचं मानलं जात नाही, ते धंद्याचं आहे. याने घाबरून जायचं कारण नाही. दूध संघाकडून वर्षाला 5 लाख बँकेत आले तर 6 टक्क्यांनी उत्पन्न 30,000 रुपये धरलं जाईल. दहा म्हशींच्या गोठ्यालाही हा हिशेब जड नाही.

आता खरोखर कर लागणाऱ्याचं पाहू, कारण तिथे प्रश्न पैशाच्या शिस्तीचा आहे. परदेशी कंपन्यांसाठी घरबसल्या काम करणाऱ्या अभियंत्याला वर्षाला 30 लाख मिळतात असं धरू. टीडीएस कुणी कापत नाही. निम्मे, म्हणजे 15 लाख, करपात्र. नव्या पद्धतीत कर 1 लाख 5 हजार, उपकर धरून 1 लाख 9 हजार 200. जमेच्या शंभर रुपयांत हे चार रुपयेही होत नाहीत. प्रत्येक बिल जमा झालं की त्यातले चार टक्के वेगळ्या खात्यात वळवले तर मार्चमध्ये रक्कम तयार असते. 44एडी आणि 44एडीए वाल्यांना आगाऊ कर एकाच हप्त्यात, 15 मार्चपर्यंत भरायचा असतो. बाकीच्यांना (44एईच्या गाडीमालकांनाही) 15 जून, 15 सप्टेंबर, 15 डिसेंबर आणि 15 मार्च अशा चार तारखा आहेत. वर्षाचा कर 10,000 रुपयांच्या आत असेल तर आगाऊ कराची गरजच नाही. हंगामी धंद्यात हे जमत नाही असं म्हणतात, पण हंगामी धंद्यातच टक्केवारीने बाजूला काढणं सोपं जातं. आलं तर कापायचं, नाही आलं तर नाही. महिन्याची ठरावीक रक्कम काढायला गेलं तरच ओढाताण होते.

इथे हुशार व्यापारी एक आक्षेप घेतो आणि त्यात तथ्य आहे. मार्चमध्ये कर भरण्याऐवजी तो पैसा मालात फिरवला तर? या अभियंत्याने 15 मार्च चुकवून जुलैअखेर रिटर्न भरताना कर भरला तर 234बी खाली चार महिन्यांचे 4,368 आणि 234सी खाली 1,092, असं 5,460 रुपये व्याज पडतं. महिन्याला एक टक्का हा दर सावकाराच्या दरापुढे काहीच नाही, हे मान्य करायलाच हवं. चार महिन्यांची उसनवारी म्हणून पाहिलं तर हा व्यवहार तोट्याचा नाही. पण ही उसनवारी चार महिन्यांवर थांबत नाही, असा वसुलीच्या प्रकरणांचा धडा आहे. जुलैमध्येही पैसा मालातच अडकलेला असतो, रिटर्न पुढे ढकललं जातं, त्यावर 5,000 रुपयांपर्यंत विलंब शुल्क बसतं, दुसऱ्या वर्षाचा कर त्यात मिसळतो आणि मग मागणीची नोटीस येते. थकबाकीदार ठरल्यावर दंड थकलेल्या कराइतका होऊ शकतो. सावकाराचा दर आधी ठरलेला असतो. इथे शेवटची रक्कम किती होईल, ते आधी कळत नाही.

आणि मग येतात ते तीस दिवस. कलम 156 खाली मागणीची नोटीस मिळाल्यापासून रक्कम भरायला तीस दिवस मिळतात. नोटीस आली म्हणजे जप्ती आली असं समजून बरेच जण ती उघडूनही पाहत नाहीत. प्रत्यक्षात कायद्याने दिलेल्या जवळपास सगळ्या सोयी याच तीस दिवसांत दडलेल्या आहेत. रक्कम मान्य असेल पण एकदम भरता येत नसेल तर कलम 220(3) खाली मुदतवाढ किंवा हप्ते मागता येतात, फक्त अर्ज ते तीस दिवस संपायच्या आत जायला हवा. आकडा चुकीचा असेल, समजा टीडीएस धरलेलाच नसेल, तर दुरुस्तीचा अर्ज करता येतो आणि पोर्टलवर मागणी अमान्य असल्याचं नोंदवता येतं. आकारणीच पटत नसेल तर अपील करायलाही तीसच दिवस. अपील चालू असताना वसुली थांबवून मागता येते. जुलै 2017 पासूनच्या केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या सूचनेनुसार वादातल्या रकमेच्या साधारण 20 टक्के भरल्यावर बाकीची वसुली सहसा स्थगित ठेवली जाते. दहा लाखांच्या वादात दोन लाख भरून धंदा चालू ठेवता येतो. एकतिसाव्या दिवशी मात्र तो माणूस कायद्याच्या भाषेत थकबाकीदार असतो, महिन्याला एक टक्का व्याज सुरू होतं आणि 226(3) चा रस्ता मोकळा होतो.

सरकार पुढे माफ करतं, असंही ऐकू येतं. 1 फेब्रुवारी 2024 च्या अंतरिम अर्थसंकल्पात निर्मला सीतारामन यांनी खरोखर जुन्या मागण्या सोडून दिल्या होत्या. 2009-10 पर्यंतच्या प्रत्येकी 25,000 रुपयांपर्यंतच्या आणि 2010-11 ते 2014-15 या वर्षांच्या 10,000 रुपयांपर्यंतच्या. त्यातल्या काही 1962 इतक्या जुन्या होत्या. त्या घोषणेचा दुसरा अर्थही वाचावा. एवढ्या किरकोळ रकमाही खात्याच्या वहीत दशकानुदशकं जिवंत होत्या आणि मधल्या काळात त्या माणसांचे परतावे त्यात वळते होऊ शकत होते.

हे सगळं लिहिताना खात्याची बाजू घेण्याचा हेतू नाही. फॅब्रिकेशन करणाऱ्या माणसाला कलमांचे आकडे भरलेली, बहुधा इंग्रजीतली नोटीस ईमेलवर पाठवायची आणि तीस दिवस मोजायला सुरुवात करायची, हे न्यायाचं नाही. नोटीस मराठीत हवी, हप्त्यांचा हक्क तिच्या पहिल्याच पानावर ठळक हवा, आणि पगारदाराच्या दोन तृतीयांश पगाराला जे संरक्षण आहे त्या धर्तीवर लहान व्यावसायिकाच्या खात्यातली घरखर्चापुरती रक्कमही गोठवणुकीतून वगळली जायला हवी. 1 एप्रिल 2026 पासून 1961 च्या कायद्याच्या जागी 2025 चा आयकर कायदा आला, भाषा आटोपशीर झाली, कलमांचे क्रमांक बदलले. ही दुरुस्ती करायची संधी तिथे होती. जुन्या वर्षांची प्रकरणं जुन्याच कायद्याने चालणार असल्याने वर दिलेली कलमं अजून बराच काळ नोटिसांवर दिसत राहतील.

कोल्हापूर जिल्ह्यात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे, पतसंस्थांची. बँका धंद्याला कर्ज देताना दोन-तीन वर्षांची रिटर्न मागतात. ती नसली की माणूस पतसंस्थेकडे वळतो आणि तिथे नोकरदार जामीनदार द्यावा लागतो. कर्ज थकलं की 1960 च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम 101 खाली वसुली दाखला निघू शकतो, आणि सभासदाने तसा करार करून दिला असेल तर कलम 49 खाली संस्था त्याच्या मालकाला पगारातून कपात करायला सांगू शकते. दुकानदाराने न भरलेल्या रिटर्नचा भार अशा वाटेने शेजारच्या शिक्षकाच्या पगारावर येऊन पडतो.

वाचकांना एकच विनंती. बऱ्याच जणांचं रिटर्न दुसराच कुणीतरी भरतो आणि आयकर पोर्टलवर पॅनसमोर मोबाइल आणि ईमेलही त्याचाच असतो. नोटीस त्याच्याकडे जाते, तीस दिवस त्याच्या इनबॉक्समध्ये संपतात, आणि ज्याचं खातं आहे त्याला बँकेच्या काउंटरवर कळतं. या आठवड्यात पोर्टल उघडा, तिथे स्वतःचा चालू मोबाइल आणि स्वतःचा ईमेल टाका, आणि प्रलंबित मागणीच्या रकान्यात आपल्या नावावर काही उभं आहे का ते पाहा.